दावणीला जाऊन गाडी बघा

2021 च्या हिवाळ्यात आईला केमोसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला न्यावं लागायचं, आणि नेमका तेव्हाच एसटीचा संप लांबत चालला होता. भूम तालुक्यातल्या आमच्या गावातून जीप ठरवायची म्हटलं की फेरीला दोन हजार जायचे. सोयाबीनचे आलेले आणि बायकोनं बचत गटातून उचललेले धरून माझ्याजवळ अडीच लाख होते. गाडी घ्यायची, हे एका रात्रीत ठरलं.

सोलापुरात एका व्यापाऱ्याकडं पांढरी डिझेल गाडी उभी होती. 2014 ची, नंबर एमएच 10 चा, मीटरवर 58 हजार किलोमीटर. मी गेल्या गेल्या सांगून बसलो, की आईला दवाखान्यात न्यायचंय, गाडी याच आठवड्यात पाहिजे. भाव करायचं बळ तिथंच संपलं. आत बसलो तर सेंटचा घमघमाट. मला वाटलं, मालकानं जपलेली दिसते. 2 लाख 35 हजार मोजले आणि संध्याकाळी आईला ओवाळायला लावून गाडी दारात घेतली.

मार्चमध्ये भर दुपारी, बार्शी जवळ आलेली असताना, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद पडलं. केमो घेऊन परत जायची ती वेळ नव्हती, घ्यायला निघालो होतो, म्हणून निभावलं. तरी आई बाभळीच्या विरळ सावलीत दीड तास बसून होती. ती मला एका शब्दानं बोलली नाही. ते अजून सलतं.

गाडी ओढून बार्शीत नेली. वायरमननं पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं आणि मला बोलावलं. खाली वाळलेल्या गाळाचा बारीक थर होता, वायरींच्या जोडांना हिरवा गंज चढला होता. "दादा, ही पुरातली गाडी आहे," तो म्हणाला. एमएच 10 म्हणजे सांगली. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात घुसलं होतं, हे मी टीव्हीवर बघितलं होतं. गाडीचा नंबर आणि तो पूर माझ्या डोक्यात एकत्र आले नाहीत, कारण मला ते येऊ द्यायचे नव्हते.

पाण्यात बुडालेल्या गाडीची दुरुस्ती परवडत नसली की विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि गाडी लिलावात जाते. तिथवर सगळं कायदेशीर असतं. पुढं कुणी ती धुऊन, नवे सीटकव्हर चढवून, काही न सांगता विकतो, तिथं फसवणूक होते. इंजिन धुता येतं. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी मात्र वर्ष-दोन वर्षांनी आपलं काम दाखवतं. माझे 62 हजार दुरुस्तीत गेले, आणि तरी भरवसा बसला नाही. शेवटी एका गॅरेजवाल्याला सगळं सांगून ती सव्वा लाखाला दिली.

वडील बैल घ्यायचे तेव्हा बाजारात हेड्याकडून कधी घेत नसत. बैल दुसा आहे का चौसा, हे दात बघून कळतं, पण तो मारका आहे का, नांगराला बसतो का, हे मालकाच्या दावणीलाच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते त्या गावी मुक्काम करायचे, सकाळी बैल औताला जुंपून बघायचे, शेजाऱ्याला विचारायचे. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो होतो, आणि बैलाच्या चौपट पैसे घालताना विसरलो.

म्हणून पहिली गोष्ट, गाडी मालकाच्या दारात जाऊन बघा, आणि सकाळी, इंजिन थंड असताना. आधीच सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावल्यावर समजतं. थंड गाडी चालू करताना खडखड ऐकू येते, मागं निळा धूर आला तर ऑइल जळतंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुराचा डाग तिथं राहतो, कारण तेवढं धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा. कडक सेंट असेल तर काचा लावून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास वर येतोच. मीटर मागं फिरवता येतो, पण ब्रेक-क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर बदलायचं राहून जातं. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. आणि मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. त्याची दिवसाची मजुरी देताना मन छोटं करू नका.

कागदाचं थोडक्यात सांगतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, विमा, बोजा, सगळं दिसतं. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 घेतल्याशिवाय बोजा उतरत नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे काम झालं असं नाही; विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. व्यापाऱ्याकडूनच घ्यायची असेल तर त्याच्याकडं आरटीओचं अधिकारपत्र आहे का, ते विचारा. एप्रिल 2023 पासून हा नियम आहे.

पैशाचं माझं गणित आता पक्कं आहे. अडीच लाख असतील तर दोन लाखांचीच गाडी बघायची. उरलेल्यात विमा, नाव चढवणं, टायर, बॅटरी येतं. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटरच फिरणार असाल तर डिझेलच्या मागं लागू नका. डिझेल स्वस्त पडतं ते खूप फिरणाऱ्याला, आणि जुन्या डिझेल गाडीचा पंप-इंजेक्टरचा खर्च एका फटक्यात ती बचत खातो.

दुसरी गाडी कळंबला एका निवृत्त शिक्षकांच्या दारात मिळाली. 2012 ची पेट्रोल अल्टो, एमएच 25, एक लाख चाळीस हजार. गुरुजींनी सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाइलला लावून ठेवली होती आणि एसी नीट गार करत नाही, हे मी न विचारता सांगितलं. आईच्या पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच गाडीत झाल्या.

2025 च्या सप्टेंबरात भूम-परांड्याकडं पाणी आलं, तेव्हा आमच्याच भावकीतल्या एकाची गाडी सीटपर्यंत बुडाली. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे बुडालेल्या गाडीचा छदामही मिळणार नव्हता. जनावरंही गेलेली, त्यामुळं पैशाची ओढ होतीच. दिवाळीनंतर तो माझ्याकडं आला, "दादा, पुण्याकडं कुणी गिऱ्हाईक आहे का?" मी त्याला कार्पेटखालचा गाळ काढू दिला नाही. आम्ही दोघांनी त्याचे फोटो काढले, आणि पाणी कुठवर चढलं होतं ते दरवाजावर बोट ठेवून दाखवलेला एक फोटो सगळ्यांत आधी पाठवला.