खोल्या 'फ्यू' की 'अ फ्यू'?

प्रश्न : इगतपुरीत आमचा छोटा होमस्टे आहे. पावसाळ्यात चौकशी आली की मी 'वी हॅव फ्यू रूम्स' असं कळवते. तरी पाहुणे दुसरीकडे जातात. माझं इंग्रजी चुकतंय का?
– एक वाचक, इगतपुरी

उत्तर : ताई, व्याकरण बरोबर आहे, अर्थ मात्र उलटा पोचतो. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच! 'अ फ्यू रूम्स' लिहा. मात्र 'ओन्ली' जोडलंत, की पुन्हा 'मोजक्याच' असा सूर लागतो. 'पुष्कळ' म्हणतानाही असाच फरक आहे : 'मेनी' मोजता येणाऱ्या खोल्यांना, 'मच' न मोजता येणाऱ्या पावसाला. पण 'वी गेट मच रेन' कानाला खटकतं. तिथे 'अ लॉट ऑफ' बिनधास्त वापरा, दोन्हींना चालतं. 'लगेज'ही पावसासारखंच मोजता येत नाही, म्हणून 'लगेजेस' नको, 'टू बॅग्ज' म्हणा. पाहुणे केवळ एका 'अ'पायी गेले असतील असं नाही, तरी पुढचा मेसेज बदलूनच पाठवा.