मोरीचें पाणी व कोळशाची गाळणी

वेळापुरासारख्या उसाच्या गांवीं मोरीचें पाणी पुष्कळ घरांमागें साचतें व त्यांत डांस वाढतात. तेंच गाळून झाडांस कसें घालावें, हें आज आपण पाहूं.

लाकूड किंवा पाला वारा कोंडून जाळिला म्हणजे राख न होतां कोळसा होतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनें उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी सिद्ध केली व तीबद्दल २००२ सालीं तिला इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. पाचटाच्या कोळशाचा भुगा होतो, म्हणून तो चुलीस बरा. गाळणीस बाभळीचा किंवा करवंटीचा घ्यावा. कोळशास असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. पाण्यांतील रंग व दुर्गंधि त्यांत धरून ठेविली जाते.

बुडाशीं भोंक पाडलेल्या जुन्या पिंपांत प्रथम खडी, तिजवर धुतलेली वाळू व मग हरभऱ्याएवढा कुटून धुतलेला कोळसा घालावा. तोंडास फडकें बांधावें, म्हणजे खरकटें अडेल. गाळलेल्या पाण्यास वास येऊं लागला कीं कोळसा बदलावा.

परंतु एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. कोळसा रंग व वास कमी करितो. सर्व रोगजंतु व साबणाचे क्षार काढीत नाहीं. निर्मळ दिसतें तें सर्वच शुद्ध नव्हे. हें पाणी केळीस व फुलझाडांस द्यावें. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या भाजीस घालूं नये, आणि मुलांच्या ओठांस तर लागूंच देऊं नये.