सर्वांत लहान रात्रीचा जागर

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे दरवर्षी २१ जूनच्या सुमारास सूर्य कर्कवृत्तावर माथ्याशी येतो आणि उत्तर गोलार्धात वर्षातील सर्वांत मोठा दिवस उगवतो. त्यानंतर सूर्य पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागतो. मुंबईत हा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि बहुधा पावसाळी ढगांआडच मावळतो. परंतु जसजसे उत्तरेकडे जावे, तसतसे दिवस व रात्र यांतील अंतर वाढत जाते आणि सूर्याचे मोलही वाढते.

बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा एक देश आहे. विस्ताराने तो महाराष्ट्राच्या एकपंचमांश एवढाच. त्याच्या राजधानीत, रीगा येथे, डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. जूनमध्ये मात्र तो अठरा तासांच्या घरात जातो. दीर्घ हिवाळा सोसलेल्या तेथील शेतकऱ्यांना उन्हाळ्यातील सूर्य हा घरी आलेल्या पाहुण्यासारखा वाटला, तर त्यात नवल नाही. त्याच्या स्वागताचा सण म्हणजे ‘यानी’. पुढे ख्रिस्ती धर्म आल्यावर २४ जून या संत योहानाच्या दिवसाशी त्याची सांगड घातली गेली. सणाचे नावही त्या संताच्या नावावरूनच पडले.

२३ जूनला सकाळपासून घरोघरी लगबग सुरू होते. रानातून फुले व औषधी वनस्पती आणल्या जातात. दारांना भूर्जवृक्षाच्या डहाळ्या बांधतात. स्त्रिया रानफुलांचे मुकुट गुंफून माथ्यावर घालतात; पुरुषांचे मुकुट ओकच्या पानांचे असतात. गृहिणी दूध व दही यांपासून, शहाजिरे घालून, चीज तयार करते. त्याचा आकार सूर्यबिंबासारखा वाटोळा असतो.

सायंकाळी टेकड्यांवर शेकोट्या पेटतात. कोठे कोठे उंच खांबाच्या टोकाशी आग पेटवतात. कारण तिचा उजेड जेथवर पोहोचेल तेथवरची शेते चांगली पिकतील, अशी जुनी समजूत आहे. तरुण मंडळी ज्वाळांवरून उड्या मारतात. गाणाऱ्यांचे मेळे घरोघर फिरतात. त्यांच्या गाण्यांत ‘लीगो, लीगो’ असे पालुपद पुनःपुन्हा येते. ज्याने शेत निंदलेले नसेल, अंगण झाडलेले नसेल, त्याची या गाण्यांतून थट्टा होते. म्हणून सणापूर्वीच सारी कामे उरकण्याची धडपड असते. त्या रात्री झोपावयाचे नाही, असा दंडक आहे. जो झोपेल तो सारा उन्हाळा आळसात घालवील, असे म्हणतात.

ही गाणी शेकडो वर्षे केवळ मुखोद्गत होती. देश रशियन साम्राज्याच्या अमलाखाली असताना क्रिश्यानिस बारोन्स या विद्वानाने ती जमवण्यास वाहून घेतले. गावोगावचे लोक गाणी लिहून धाडीत. चार-चार ओळींची ती गाणी कागदाच्या चिटोऱ्यांवर उतरवून बारोन्स एका कपाटाच्या लहान लहान खणांत वर्गवारीने ठेवी. १८९४ ते १९१५ या काळात सहा खंडांत त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाख सतरा हजारांहून अधिक गीते आहेत. ते कपाट आजही रीगा येथे जपून ठेवलेले आहे.

१९१८ मध्ये लाटव्हिया स्वतंत्र झाला. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो सोव्हिएत संघात सामील करून घेण्यात आला. लोकांना एकत्र आणणारा हा सण राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. १९५९ नंतर काही काळ तो साजरा करण्यास मज्जाव झाला. तरीही खेड्यांतून शेकोट्या पेटत राहिल्या, मुकुट गुंफले गेले आणि गाणी थांबली नाहीत. १९९१ मध्ये देशाने पुन्हा स्वातंत्र्य मिळवले. आता २३ व २४ जून हे दोन्ही दिवस तेथे सार्वजनिक सुटीचे असतात.

सर्वांत मोठ्या दिवसानंतर उजेड ओसरू लागणार, हे त्या शेतकऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच मावळत्या सूर्याकडे पाहून खंत करीत न बसता त्यांनी शेकोटी पेटवली आणि नवा सूर्य उगवेपर्यंत ती विझू दिली नाही. राष्ट्रावर काळोख पसरला तेव्हा हीच सवय त्यांच्या कामी आली. जे लोक मिळून गातात व मिळून जागतात, त्यांच्या घरचा दिवा सहसा विझत नाही.

स्वाध्याय

१. लाटव्हियातील लोकांना उन्हाळ्यातील सूर्याचे विशेष मोल का वाटते?
२. यानीची तयारी कशी केली जाते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. घरोघर फिरणाऱ्या मेळ्यांच्या गाण्यांमुळे शेतकऱ्यांना कोणता लाभ होत असेल?
४. ‘डोळ्यांत खुपणे’, ‘वाहून घेणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून एखादे सणाचे जुने गाणे मिळवा व वहीत उतरवून घ्या.