शितावरून भाताची परीक्षा : प्रयोगशाळेतील मराठी शब्दांचा विचार

डिचोली तालुक्याला खनिजाचा व्यवहार नवा नाही. हा व्यवहार चालतो तो दगडातील लोहाच्या टक्केवारीवर. केंद्र सरकारने १९ नोव्हेंबर २०२२ पासून ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या ढेकळी व चूर्ण खनिजावरील निर्यातशुल्क काढून टाकले. त्याहून वरच्या प्रतीवर ते ३० टक्के ठेवले. त्यामुळे ५७.९ की ५८.१, हा प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाही. असा आकडा विश्वासार्ह ठरावा म्हणून प्रयोगशाळा जी शिस्त पाळते तिला ‘गुणवत्ता हमी’ म्हणतात. ही शिस्त मराठीतून समजावताना शब्द काटेकोर नसतील तर कल्पनाही निसटतात. त्यांपैकी काही शब्दांचा येथे विचार करू.

प्रथम ‘वानगी’. आपली म्हण सांगते, शितावरून भाताची परीक्षा. भाताला ती लागू पडते, कारण भांड्यातला भात एकाच पाण्यात, जवळजवळ सारखा शिजलेला असतो. खनिजाचा ढीग तसा नसतो. मोठी ढेकळे घसरून कडेला जातात, भुकटी मधे राहते आणि दोहोंतील लोहाचे प्रमाण वेगळे असते. म्हणून ढिगाच्या अनेक जागांहून थोडे थोडे घेऊन, दळून, मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असे पुनःपुन्हा करत जावे लागते. वरवर उचललेली मूठ ‘नमुना’ असेल. संपूर्ण ढिगाच्या वतीने बोलणारी ती ‘वानगी’. हा भेद भाषेने जपण्याजोगा आहे.

दुसरी जोडी अधिक महत्त्वाची. रोजच्या बोलण्यात ‘अचूक’ हा एकच शब्द आपण दोन गुणांसाठी वापरतो : उत्तर सत्याजवळ असणे आणि पुनःपुन्हा तेच उत्तर येणे. पहिल्याला ‘यथार्थता’ व दुसऱ्याला ‘एकवाक्यता’ म्हणावे, असे मी सुचवतो.

उदाहरण पाहू. लोह मोजण्याच्या एका रूढ पद्धतीत खनिज आम्लात विरघळवून पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणाने अनुमापन करतात. ०.१ नॉर्मल द्रावणाचा एक मिलिलिटर ५.५८ मिलिग्रॅम लोहाशी जुळतो. ०.२ ग्रॅम खनिजात ५८ टक्के लोह असेल तर सुमारे २०.८ मिलिलिटर द्रावण लागते. ब्युरेटमधून एक थेंब, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर, जास्त पडला तर उत्तर ०.१४ने वाढते. हात कधी थेंबभर पुढे, कधी मागे जातो. ही चूक दोनतीनदा मोजल्यावर उघडी पडते.

आता समजा, बाटलीवर ०.१ लिहिले आहे, पण द्रावण प्रत्यक्षात ०.०९९ आहे. खनिजात ५७.६ टक्के लोह असताना उत्तरे येतील ५८.१, ५८.२, ५८.२. तिन्ही साक्षीदारांची एकवाक्यता पूर्ण, आणि तिघेही चुकीचे! पुनरावृत्तीने ही चूक कधीच सापडणार नाही. तिच्यासाठी प्रमाणित संदर्भ नमुना, म्हणजे ज्यातील लोह आधीच खात्रीने ठाऊक आहे असे खनिज, त्याच द्रावणाने तपासावे लागते. खनिज न घालता केलेली ‘कोरी चाचणी’ रसायनांतूनच आलेला दोष दाखवते.

तिसरा शब्द ‘अनिश्चितता’. अहवालात ५८.१ ± ०.२ असे लिहिले की वाचकाला वाटते, प्रयोगशाळा कच्ची आहे. वस्तुतः आयएसओ/आयईसी १७०२५ हे प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक अनिश्चिततेचे मूल्यमापन अपेक्षितच धरते. ही शंका नव्हे, मोजलेली मर्यादा आहे. या उदाहरणात ती सांगते की खरा आकडा ५८च्या अलीकडेही असू शकेल.

शेवटी, रोजच्या चाचण्यांवरील पहारा म्हणजे ‘गुणवत्ता नियंत्रण’. नोंदी, तराजूंचे अंशशोधन, प्रशिक्षण आणि तपासणी यांसह उभी राहणारी संपूर्ण व्यवस्था म्हणजे ‘गुणवत्ता हमी’. पेडणे-डिचोलीतील मराठी शाळांतून विज्ञान शिकवणाऱ्यांनी वर्गात एकच ताग मुलांकडून पाचदा तोलून घ्यावा, मग ज्ञात वजन ठेवून तोच तराजू तपासायला सांगावे. यथार्थता आणि एकवाक्यता यांतला फरक व्याख्या पाठ करण्याआधीच त्यांच्या हाताला कळेल.