रोबोटिक्स स्पर्धेत उतरताय? आधी हाताचे तास मोजा

‘फर्स्ट लेगो लीग चॅलेंज’ स्पर्धेत एका सामन्यासाठी रोबोटला अडीच मिनिटं मिळतात. रिमोट चालत नाही. मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅमच टेबलावरची कामं करतो. चाक जरा घसरलं की गुण जातात. मग मुलं पुन्हा मोजतात, प्रोग्रॅम बदलतात, रोबोट पुन्हा सोडून बघतात. सहावी ते आठवीतली मुलं प्रोग्रॅमिंग शिकतात ती याच खटाटोपातून. म्हणून पैसे मोजताना पालकांनी एक गोष्ट नक्की पाहावी: मुलाच्या हाताला प्रत्यक्ष किती तास मिळतात?

आधी स्पर्धा ठरवा, मग किट

लेगो लीगमध्ये रोबोट लेगोच्याच भागांचा लागतो. ‘स्पाइक प्राइम’ किटमध्ये ५२८ भाग, ३ मोटर आणि रंग, अंतर व दाब ओळखणारे सेन्सर असतात. किंमत साधारण ३५ ते ५० हजार रुपये. एकट्या मुलासाठी हा खर्च करू नका. संघात १० पर्यंत मुलं चालतात. ६ घरांनी मिळून ४२ हजारांचं किट घेतलं तर प्रत्येकी ७ हजार पडतात. २०२१ मध्ये बंद झालेल्या लेगोच्याच ‘ईव्ही३’चं वापरलेलं किट स्वस्तात मिळू शकतं. मात्र घेण्यापूर्वी बॅटरी तपासा आणि ते यंदाच्या नियमांत बसतं का, हे पाहा.

दीड हजारात सुरुवात

काळ्या पट्टीवरून धावणारा ‘लाइन फॉलोअर’ घरीही बनतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या दुकानांत सुटे भाग मिळतात. अंदाजे भाव असे:

- आर्डुइनो उनोसारखा बोर्ड: ३०० ते ५००
- चाकांसह २ बीओ मोटर: १५० ते २००
- मोटर ड्रायव्हर: १२० ते २००
- २ आयआर सेन्सर: ६० ते १००
- चासी, बॅटरी, वायरी: ३०० ते ५००

हा रोबोट लेगो लीगमध्ये चालणार नाही, पण सुट्या भागांना मुभा असलेल्या शर्यतींत उतरवता येतो. त्याआधी ‘स्क्रॅच’ या प्रोग्रॅमिंगच्या साधनावर दोन महिने खेळ बनवू द्या, ते पूर्ण मोफत आहे.

शाळेत चौकशी करा

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडलेल्या शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ही लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. तुमच्या किंवा शेजारच्या शाळेत ती असेल, तर तिथं मुलांना आठवड्यात किती वेळ मिळतो, हे मुख्याध्यापकांना विचारा. लॅबला कुलूप दिसलं तर पालक सभेत विषय काढा.

क्लासची खरी फी

समजा, फी महिना ३,००० आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर ३,५४०. दीड तासाचे ८ वर्ग, म्हणजे १२ तास. तासाला २९५ रुपये. पण एका किटवर ३ मुलं असतील, तर आपल्या मुलाच्या हाताला येतात ४ तास. मग तासाचा दर होतो ८८५ रुपये. दोन क्लासची तुलना याच आकड्यावर करा.

वरचा खर्च

सरावाच्या टेबलासाठी ८ बाय ४ फुटांची प्लायवूडची एक शीट पुरते. कडेच्या पट्ट्या सुतार ठोकून देतो. नोंदणी, त्या वर्षीचं खेळाचं साहित्य, पुढच्या फेरीचा प्रवास आणि मुक्काम हे फीमध्ये धरलेलं आहे का, ते लेखी घ्या.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

- एका किटवर किती मुलं?
- किट घरी नेता येतं का?
- मध्येच सोडलं तर किती रक्कम परत?
- रोबोटशिवाय बाकीची तयारी कोण करून घेतं?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. लेगो लीगमध्ये रोबोटचा खेळ, रोबोटची रचना, संशोधन प्रकल्प आणि संघभावना या चारही गोष्टींना सारखंच वजन असतं, आणि परीक्षकांना उत्तरं मुलांनीच द्यायची असतात. कबूल केलेलं मिळालं नाही, तर पावती हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

महिन्याभरानं एकदा क्लासमध्ये जा. मुलाला म्हणा, “रोबोट १० सेंटिमीटर आधी थांबवून दाखव.” सरांकडे न बघता त्यानं प्रोग्रॅम उघडला, तर पुढच्या महिन्याची फी खुशाल भरा.