बाहुलीच्या पेटीतील पोषाख

गेल्या पावसाळ्यात शिवणाच्या तासास सातवीतील एक मुलगी बाकाखाली हात लपवून काही तरी करीत असल्याचे आमच्या नजरेस आले. जवळ जाऊन पाहतो तो तिच्या हाती बाहुलीचा झगा! वर्गास रुमालाची कड दुमडावयास दिली असता हिने हा उद्योग आरंभिलेला पाहून आम्हांस राग आला, व झगा काढून घेऊन आम्ही तो मेजाच्या खणात टाकिला. दोन दिवसांनी तिची आई भेटावयास आली. "बाई, एवढी तेरा वर्षांची झाली, तरी बाहुल्या सुटत नाहीत. ती पेटीच आता माझ्या भाचीला देऊन टाकते," असे ती म्हणाली. आम्ही मान डोलाविली. त्या वेळी आपले काही चुकले असे आम्हांस मुळीच वाटले नाही.

पुढे काही दिवसांनी मार्टिन मार्जिएला ह्या बेल्जियन वेषकाराविषयीचा २०१९ सालचा माहितीपट पाहण्याचा योग आला. हा गृहस्थ १९५७ साली जन्मला, अँटवर्पच्या राजकीय कलाशाळेत शिकला आणि १९८८ साली त्याने पॅरिसमध्ये आपले वेषगृह स्थापिले. लोकांपुढे येण्याची त्यास अशी नावड, की ह्या माहितीपटातही त्याचे हात तेवढे दिसतात व आवाज ऐकू येतो. मुख कोठेच दिसत नाही. त्याच्या कपड्यांवर नावाच्या जागी कोरी पांढरी पट्टी चार कोपऱ्यांस चार टाके घालून लाविलेली असे. त्याची आजी शिवणकाम करी आणि हा मुलगा तिच्या सान्निध्यात बाहुल्यांचे कपडे शिवी. ते ऐकताच खणातील झग्याची आम्हांस आठवण झाली, हे निराळे सांगावयास नकोच.

ह्या मार्जिएलाने १९९४-९५ च्या हिवाळ्याकरिता जी पोषाखांची मालिका रचिली, तीतील एक भाग बाहुल्यांच्या कपड्यांवरून घेतला होता. १९५९ साली अमेरिकेत निघालेली बार्बी, १९६४ चा जी. आय. ज्यो हा शिपाई, ह्यांच्या अंगावरील कपडे घेऊन त्याने ते ५.२ पट मोठे केले. विद्यार्थ्यांनी येथे पाटी-पेन्सील घ्यावी. बार्बीची उंची साडेअकरा इंच, तिला ५.२ ने गुणिले असता ५९.८ इंच, म्हणजे जवळजवळ पाच फूट येतात. एवढ्याने माणसाच्या मापाचा कपडा झाला. पण खरी मौज पुढेच आहे.

बाहुलीच्या कपड्यात सर्व गोष्टी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. झगा लहान करता येतो, परंतु दोरा नेहमीचाच. कापड नेहमीच्याच जाडीचे. टिचबटण वा चेन बाजारात मिळेल तेवढीच बारीक. म्हणून बाहुलीच्या अंगावर बटण थाळीएवढे दिसते व धावदोरा दोरखंडासारखा. लहान मुलास हे खटकत नाही, कारण त्याच्या लेखी तो खराच कोट असतो. दुसरा एखादा वेषकार असता, तर त्याने कपडा मोठा करिताना हे सर्व दोष काढून टाकिले असते. मार्जिएलाने ते जसेच्या तसे मोठे केले. चेनीचे दात, गळ्याची घडी, लोकरीच्या विणीचे घर, सारेच त्या हिशेबाने वाढले, आणि मोठ्या माणसाच्या अंगावर बालपणीचा कपडा त्याच्या सगळ्या बेढबपणासह येऊन बसला. आमच्या मते येथेच त्या कामाचे मर्म आहे. कापडावर भोवऱ्याचे किंवा पतंगाचे चित्र छापिले म्हणजे खेळावरून पोषाख झाला असे पुष्कळांस वाटते. ती नुसती सजावट होय. खेळात जो नियम दडलेला असतो तो शोधून काढावा लागतो. १९९९ साली व्हिक्टर व रोल्फ ह्या डच जोडीने एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून मालिका केली, तीतही बाहुलीचे चित्र न काढता एकाच मुलीच्या अंगावर एकावर एक पोषाख चढविले. म्हणजे खेळाची रीत तेवढी उचलिली.

उलट प्रकारचे उदाहरणही आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असता पॅरिसमध्ये कापडाचा दुष्काळ होता. तेव्हा तेथील वेषगृहांनी १९४५ साली तारेच्या बाहुल्या करवून, माणसाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या मापाने त्यांस नवे पोषाख घातले व युद्धपीडितांच्या मदतीसाठी त्यांचे प्रदर्शन भरविले. तेथे मात्र बटण, काज, शिवण, सारे काही काटेकोर लहान केलेले होते. त्यांपैकी पुष्कळ बाहुल्या अमेरिकेतील मेरीहिल संग्रहालयात जपून ठेविल्या आहेत. कुशल कारागिरांनी हातातील सर्व विद्या फूट-दोन फुटांच्या पुतळीवर ओतली, त्यास पोरखेळ कोण म्हणेल?

असो. आम्ही खणातील झगा काढिला, वर्गासमक्ष त्या मुलीस परत दिला आणि आपली चूक झाली असे सांगितले. मग वर्गाने तोच झगा मोठा करण्याचे ठरविले. बाहुली एक फुटाची, मुलगी पाच फुटांची, म्हणून पाचपट. कापड किती लागेल असे विचारताच बहुतेकींनी "पाचपट" असे उत्तर दिले! बाहुलीच्या झग्यास बारा इंच लांब व दहा इंच रुंद तुकडा लागला होता. लांबी साठ इंच व रुंदी पन्नास इंच झाली, म्हणजे कापड पंचवीसपट. छत्तीस इंच पन्ह्याचा मांजरपाट सव्वादोन वारांहून थोडा अधिकच लागला. गणिताच्या तासास जे दोन आठवड्यांत कळले नव्हते ते कात्री हाती येताच कळले.

दुसरी अडचण पाठीची. बाहुलीचे हात वाकत नाहीत, म्हणून तिचा झगा मागे खालपर्यंत उघडा ठेवावा लागतो. आमचाही तसाच ठेविला. तो घालावयास दोन मैत्रिणी लागल्या. टाका पाव इंचाचा होता, तो सव्वा इंचाचा झाला, म्हणून साध्या दोऱ्याऐवजी सुतळी ओविली, व ती दाभणाशिवाय जाईना. बटणाने तर सर्वांस हैराण केले. मुळातले तीन अष्टमांश इंचाचे. पाचपटीने ते दोन इंचांच्या जवळ गेले, आणि तेवढे बटण आमच्या बाजारपेठेत कोठेही मिळाले नाही. शेवटी त्या मुलीनेच नारळाच्या करवंटीचा गोल तुकडा घासून दोन भोके पाडून आणिला.

तिच्या आईस आम्ही चिठ्ठी लिहिली, की पेटी द्यावयाची झाल्यास निदान मुलीस विचारून द्यावी. पेटी अद्याप घरीच आहे. घरून एवढीच तक्रार आली, की करवंटी घासताना वडिलांची नवी कानस बोथट झाली.