नदीकाठ, बांध आणि पडके तट : गोंदिया जिल्ह्यातील पायी अभ्यासभ्रमण

महाराष्ट्राच्या अतिपूर्व सीमेवर, मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन राज्यांना लागून वसलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. धानाची बाजारपेठ आणि तांदळाच्या गिरण्या यांमुळे त्याचे नाव सर्वपरिचित असले, तरी पायी हिंडून पाहण्याचा मुलूख म्हणून त्याचा विचार फारसा झालेला नाही. वास्तविक विद्यार्थी, शिक्षक, वयस्क मंडळी अशा सर्वांना झेपतील अशा पायवाटा येथे विपुल आहेत. गड पाहणे म्हणजे ऊर फुटेस्तोवर चढणे, ही सह्याद्रीने लावलेली सवय मात्र येथे सोडावी लागते. हा प्रदेश सपाट, पाणथळ आणि संथ आहे. त्याचा इतिहासही उंचावर कमी आणि पाण्याच्या काठी अधिक सापडतो.

वैनगंगा ही येथील मुख्य नदी. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून ती या जिल्ह्याच्या वायव्य कडेने वाहते. बाघ, चुलबंद, गाढवी, पांगोली या नद्या अखेर तिलाच जाऊन मिळतात. भ्रमणास योग्य काळ म्हणजे धानाची कापणी आटोपत आल्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा. पावसाळ्यात बांध्यांत रोवणी झालेली असते, धुरे निसरडे असतात, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडल्यास वैनगंगा व बाघ या दोन्ही नद्या पाहता पाहता पात्राबाहेर येतात. त्या दिवसांत नदीकाठ टाळलेलाच बरा.

पहिले भ्रमण गोंदिया शहराजवळचे आहे. बालाघाट मार्गावर सुमारे पाच किलोमीटर अंतरावर नागरा हे गाव लागते. येथील प्राचीन शिवमंदिर आजही पूजेत आहे. जवळच कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठिकाण आहे. १८१८ साली तेथील जमीनदार चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि कामठ्याचा किल्ला इंग्रजी फौजेने लढून घेतला, ही घटना विद्यार्थ्यांना तेथेच उभे करून सांगण्याजोगी आहे. नागऱ्याहून उत्तरेकडे गेल्यास वैनगंगेच्या काठची गावे लागतात. त्यांपैकी डांगोर्ली येथून गोंदिया शहराला पिण्याचे पाणी पुरविले जाते. शहरातील मुलांनी आपल्या नळाचे मूळ एकदा तरी डोळ्यांनी पाहावे.

याच पट्ट्यात सारस पक्षी आढळतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा क्रौंचकुळातील पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. त्याची संख्या काही डझनांच्या पुढे नाही. तो घरटे बांधतो ते पावसाळ्यात, उभ्या धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ पाण्यात. म्हणजे त्याचे भवितव्य शेतकऱ्याच्या हाती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली होती. पायी फिरणाऱ्याने जोडी दिसताच थांबावे, दूर राहूनच पाहावे आणि छायाचित्राच्या मोहाने बांधीत उतरू नये. पाऊल शेतकऱ्याच्या पिकावर पडते, हेही विसरू नये.

दुसरे भ्रमण अर्जुनी मोरगाव तालुक्यातील असून ते अधिक वेळ मागते. त्यासाठी दोन दिवस राखून ठेवावेत. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावर देवलगाव स्थानकाला उतरले, की नवेगावबांध जवळच आहे. तेथून वाहनाने गोठणगावच्या बाजूस गेल्यावर प्रतापगडची टेकडी दिसू लागते. हा गड गोंडकालीन म्हणून ओळखला जातो. आज तेथे पडके तट आणि झाडीत विखुरलेले दगड एवढेच उरले आहे. राजसत्ता गेली, पहारा उठला आणि भिंतींची डागडुजी करण्याचे कारण कोणालाच राहिले नाही. गडाच्या परिसरातील शिवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा ही दोन्ही ठिकाणे मात्र गजबजलेली असतात. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. गर्दी टाळू इच्छिणाऱ्यांनी तो आठवडा वगळावा. लोकजीवन पाहू इच्छिणाऱ्यांनी तोच निवडावा.

गडापासून जवळच गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील धानाला मिळते. याच परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. हिमालयापलीकडून आलेली माणसे झाडीपट्टीत शेती करीत स्थिरावली, हेही या वाटेवरचे एक पाहण्यासारखे वास्तव होय.

या भ्रमणाचा गाभा मात्र नवेगावबांध हाच आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचा हा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, असे परंपरा सांगते. कोहळी समाज ऊस पिकविण्यात व तलाव बांधण्यात निष्णात. भोवतालच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ असे लोक म्हणतात. बांधणाऱ्याची दृष्टी येथे उभे राहिल्यावरच कळते. टेकड्यांनी तीन बाजूंनी आयते केलेले कुंपण त्याने हेरले आणि मातीची पाळ घातली ती केवळ मधल्या खिंडीत. थोड्या मातीत एवढे पाणी अडविण्याचा हा हिशेब कोणत्याही स्थापत्य महाविद्यालयात शिकवावा असा आहे.

पाळीवरून चालताना दोन गोष्टी शोधाव्यात. शेताला पाणी सोडण्याचे तोंड म्हणजे तुडुम, आणि तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जाण्याची वाट म्हणजे सलंग. पाळ, तुडुम आणि सलंग या तिहींचा मेळ बसला तरच तलाव टिकतो. प्रतापगडाचे तट ढासळले. त्याच मुलखातली मातीची ही पाळ मात्र पाणी धरून उभी आहे. दगड मातीपेक्षा कच्चा होता म्हणून असे घडले नाही. पाळीची दरवर्षी कोणाला ना कोणाला गरज होती, म्हणून घडले.

ही गरज व ती भागविण्याची व्यवस्था यांची सांगड पुढे सैल झाली, हेही येथेच पाहावयास मिळते. पूर्वी गावचा मालगुजार गावकऱ्यांकडून तलावाची दुरुस्ती करवून घेई आणि पाणकर पाण्याची वाटणी सांभाळी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली. जुलमाचे एक साधन गेले हे इष्टच झाले. परंतु तलाव शासनाकडे आले तेव्हा देखभालीची जुनी सवय त्यांच्याबरोबर आली नाही. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’, म्हणतात. अनेकांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा उद्देश असा गाळ शेतात नेण्याचाच होता. गाळ काढणे सोपे. तुडुम कोणी आणि केव्हा उघडावे हे गावाने एकत्र बसून ठरविणे अवघड, आणि तलावाचे आयुष्य त्यावरच अधिक अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ज्यांना थोडी चढण हवी असेल त्यांनी सालेकसा तालुक्यातील कचारगड पाहावा. दरेकसा स्थानकापासून धनेगावमार्गे तेथे जाता येते. वाट झाडीतून व शेवटी खडकांतून चढते. येथील विशाल नैसर्गिक गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून भाविक येतात. जवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यानंतर काही आठवडेच भरात असतो.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्यामुळे राखीव वनात परवानगीवाचून पायी शिरणे हा गुन्हा आहेच, शिवाय जिवाला धोकाही आहे. मोहफुले व तेंदूपानांच्या हंगामात गावकरी पहाटेच रानात असतात. कोठे वाघ वा अस्वल दिसले याची खात्रीची बातमी त्यांच्याकडेच मिळते. वाटेला लागण्यापूर्वी गावात थांबून विचारावे. शाळांनी एखाद्या लहान मामा तलावावर अर्धा दिवस द्यावा. मुलांनी पाळीची लांबी पावलांनी मोजावी, तुडुम शोधावे, सलंगेचे पाणी पुढे कोणत्या नाल्याला मिळते ते पाहावे, आणि मागील वर्षी तुडुम कोणी उघडले हे गावातील वृद्धांना विचारून लिहून घ्यावे.